जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकू की भंगारात देऊ?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय तर चूकभूल द्यावी घ्यावी.

२०१२ सालचा लॅपटॉप आहे, थर्ड जनरेशन आय फाइव्ह, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. नवा होता तेव्हा लय माज होता त्याचा. आता बटण दाबून आंघोळ उरकून आलो तरी स्क्रीनवरचं ते गोल चक्र फिरतच असतं. टास्क मॅनेजर उघडला की डिस्क १०० टक्के, आणि तो टास्क मॅनेजर उघडायलाच मिनिटभर जातं. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ टाकायला गेलो तर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, प्रोसेसर यादीत नाही, म्हणजे तेही दार बंद.

वापर म्हणाल तर ब्राउझर, यूट्यूब, थोडं पायथन शिकतोय आणि रात्री हेडफोन लावून पिक्चर. गेम वगैरे नाही. मित्र म्हणतो लिनक्स टाक, पळायला लागेल. भाऊ म्हणतो भंगारात दे. कुणाचं ऐकू? कमांड फारशा येत नाहीत पण शिकायची तयारी आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

बूटलूप

लिनक्स मिंट टाक, एक्सएफसीईवालं (हलक्या डेस्कटॉपचं), विषय संपला. २२ ची जी सिरीज आहे तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोवर लॅपटॉपच राम म्हणेल (हलकं घ्या). पेनड्राइव्हवर वेंटॉय (पेनड्राइव्हवरून सिस्टीम चालू करून देणारं टूल) टाक, मग आयएसओ फाइल, म्हणजे मिंटची इन्स्टॉलची फाइल, नुसती कॉपी करायची, बाकी काही नाही. आणि लगेच इन्स्टॉल करू नकोस, आधी पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह चालवून बघ वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं सगळं चालतंय का.

पेचकस

बूटलूप यांच्याशी अर्धा सहमत. मिंट चांगलंच आहे, मीही वापरतो. पण आपण लिनक्सवाले ना, प्रत्येक आजाराला एकच गोळी देतो. पोट दुखतंय? लिनक्स टाक.

मित्रा, तू स्वतःच लिहिलंयस की डिस्क १०० टक्के. प्रोसेसर किती टक्के होता ते लिहिलं नाहीस, पण पैज लावतो वीस-तीसच्या वर नसणार. तुझी अडचण विंडोज नाहीच, ती फिरणारी तबकडी आहे. हिशोब बघ. लॅपटॉपच्या हार्ड डिस्का बहुतेक ५४०० आरपीएमच्या असतात, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय हेड आत-बाहेर सरकायला अजून दहा-बारा मिलिसेकंद. सगळं मिळून सेकंदाला साठ-सत्तर ठिकाणचं वाचता येतं, जास्तीत जास्त शंभर धर. आणि चालू होताना सिस्टीमला हजारो बारीक बारीक फायली इकडून तिकडून गोळा करायच्या असतात, त्यात अँटिव्हायरस, अपडेटवाला, अजून कोण कोण सगळे एकदम त्याच डिस्कच्या दारात उभे. साध्यातली साधी साटा एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) हेच काम सेकंदाला हजारोंनी करते कारण तिच्यात हलणारं काही नाहीच. जुन्या डिस्कवर लिनक्स टाकलंस तर फरक पडेल, नाही असं नाही, पण ब्राउझर उघडायला तरीही ताटकळशील आणि मग लिनक्सला शिव्या घालशील.

तेव्हा आधी एसएसडी, मग रॅम ८ जीबी (डीडीआर३ च घे, डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, बसतच नाही), आणि मग सिस्टीम काय टाकायची ते. बदलायला सोपं आहे, त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना खाली एक झाकण असतं, दोन-चार स्क्रू. उघडण्याआधी बॅटरी काढून ठेव. जुनी डिस्क ९.५ मिमी जाडीची असेल आणि एसएसडी ७ ची, त्यामुळे आत थोडी खुळखुळेल, त्यासाठी प्लास्टिकची चौकट मिळते ती लाव, नाहीतर पुठ्ठ्याची पट्टी पण चालते, माझ्याकडे सहा वर्षं पुठ्ठाच आहे.

डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून तिथे कॅडी (त्याच मापाची डिस्क बसवायची चौकट) बसव आणि जुनी डिस्क त्यात टाक, पिक्चर ठेवायला बरी. कॅडी घ्यायच्या आधी ड्राइव्हची जाडी मोज, ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन येतात. मी न मोजता मागवलेली, अजून ड्रॉवरमध्ये पडून आहे.

कीबोर्डवाली

पेचकस यांना +१. फक्त यूट्यूबबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय, कारण एसएसडी टाकूनही तुमचा पंखा भुरभुरणारच आहे आणि मग वाटेल की काहीतरी चुकलं.

यूट्यूब आजकाल व्हिडिओ बहुतेक व्हीपी९ नाहीतर एव्ही१ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती) पाठवतं. थर्ड जनरेशनच्या ग्राफिक्सला एच.२६४ ही जुनी पद्धत हार्डवेअरमध्ये उलगडता येते पण हे दोन्ही येत नाहीत, ते नंतर आले. म्हणजे तो सगळा भार प्रोसेसरवर, मग लॅपटॉप मांडीवर ठेवायच्या लायकीचा राहत नाही. एच२६४आयफाय नावाचं छोटं एक्स्टेंशन आहे, ते यूट्यूबला सांगतं की मला एच.२६४ च दे. १०८० पीच्या वर जाता येत नाही, पण तुमच्या स्क्रीनला तेवढं पुरे. माझ्याकडे याच पिढीचा आहे, हे टाकल्यावर व्हिडिओ चालू असताना प्रोसेसर ७०-८० टक्क्यांवरून २० च्या आसपास आला. चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं की कोडेक्स या ओळीत कळतं काय येतंय ते. एव्हीसी१ (म्हणजे एच.२६४) दिसलं तर जमलं.

आणि फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाकाच. ४ जीबीत जाहिराती पोसायची ऐपत नसते.

अवांतर: 'हलकं लिनक्स' शोधत महिनोन्महिने डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) बदलत बसू नका, मी बसलेय. डेस्कटॉप दोनतीनशे एमबी कमी खाईल, पण एक टॅब उघडला की ते परत.

शंकासुर

सगळं बरोबर, पण कुणी बॅटरीचं विचारलं का? इतकी जुनी बॅटरी फुगलेली असू शकते. लॅपटॉप टेबलावर ठेवून बघा, सपाट बसतो की एका कोपऱ्यावर डुलतो. फुगली असेल तर काढून टाका, टोचून बघू नका, चार्जरवर चालवा.

दुसरं, घरात कुणी मॅक्रो भरलेल्या एक्सेल शीट वापरत असेल तर लिनक्स टाकायच्या आधी त्यांना विचारा. लिब्रेऑफिसमध्ये साधं सगळं उघडतं पण मॅक्रोंची खात्री नाही. मी न विचारता बायकोच्या लॅपटॉपवर टाकलं होतं. पुढचं लिहीत नाही.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय कारण मधल्या काळात बरंच रामायण झालं.

एसएसडी टाकली, रॅम ८ केली, मिंट टाकलं. इन्स्टॉल झालं वीस मिनिटांत आणि वायफाय गायब. म्हणजे आयकॉन आहे, नेटवर्क एकही दिसत नाही. लाइव्ह चालवून बघायला सांगितलं होतं बूटलूपने, मी उत्साहात सरळ इन्स्टॉलच केलं होतं. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं तर नेट लगेच आलं, मग रात्री दोनपर्यंत ड्रायव्हर शोधतोय, सापडेल ती कमांड चिकटवतोय, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलून बघतोय. शेवटी कुठेतरी वाचलं की 'आरएफकिल लिस्ट' टाइप करून बघा. बघितलं तर 'हार्ड ब्लॉक्ड: येस'. हार्ड म्हणजे काय म्हणून लॅपटॉप उचलून चारी बाजूंनी पाहिला तर पुढच्या कडेला एक इवलंसं सरकतं बटण, वायफायचं. इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं असं काही आहे. स्क्रू काढताना उलटा केला तेव्हा सरकलं असणार. नखाने परत सरकवलं, तीन सेकंदांत शेजाऱ्यांची सगळी नेटवर्कं हजर.

बाकी पेचकस, तुमची पैज तुम्ही जिंकलात. मिंट टाकायच्या आधी मुद्दाम जुन्याच डिस्कवर प्रोसेसर बघितला होता, १८ टक्के. आता लॉगिनची स्क्रीन २० सेकंदांत येते. यूट्यूबला एव्हीसी१ दिसतंय, पंखा गप्प आहे. बॅटरी फुगलेली नाही, पण चार्जर काढला की अकरा मिनिटं चालतो.

भावाने काल येऊन बघितला आणि म्हणाला मला दे.

एकच प्रश्न राहिला. जुनी डिस्क कॅडीत टाकलीय (मोजून घेतली, १२.७ निघाली). मिंटच्या डिस्क्स नावाच्या ॲपमध्ये स्मार्टचा (डिस्कच्या तब्येतीचा) तक्ता उघडला तर ५ नंबरला रिअॅलोकेटेड सेक्टर काउंट १६ आणि १९७ ला करंट पेंडिंग ८ दाखवतंय. खाली मात्र 'डिस्क इज ओके' लिहिलंय. कॉलेजचे सगळे फोटो त्याच्यावरच आहेत. चालेल ना?

पेचकस

ओकेवर जाऊ नकोस. खराब म्हणून बदललेल्या जागा १६, त्या एक वेळ चालल्या असत्या, पण पेंडिंग ८ म्हणजे आठ जागा तिला आत्ताच नीट वाचता येत नाहीयेत. पिक्चर नंतर बघ, आधी फोटो दुसरीकडे घे. आजच. आणि कॉपी करताना एखाद्या फोल्डरवर अडकली तर तो सोडून पुढे जा, तिथेच रेटत बसू नकोस.