लेकरं घरीच शिकतात, बागकाम कशापासून सुरू करू?

लातूरची आई:
माझी लेकरं ६ आणि ९ वर्षांची, शाळेत जात नाहीत, घरीच शिकायलेत. गच्चीवर कुंड्या आहेत आणि कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये सगळ्यांनी मिळून वाफे करायचं ठरलंय, पण माती काळी चिकट आणि पाणी टँकरचं. काय लावू म्हणजे त्यांचा इंटरेस्ट टिकेल?

परभणीकर:
ताई, दसऱ्यानंतर मेथी लावा. चार-पाच दिवसांत उगवते, महिनाभरात भाजी ताटात, लहान्याला तेवढाच धीर असतो. एक रोप मुळासकट अलगद काढून धुवा, मुळांवर बारीक गाठी दिसतील, त्यात रायझोबियम जिवाणू असतात, ते हवेतला नायट्रोजन झाडाला देतात, विज्ञानाचा अख्खा धडा तिथंच होतोय बघा. काळ्या मातीत शेणखत भरपूर घाला, कुंडीत थोडी वाळू पण, नाहीतर पाणी साचून मुळं सडतात. जमलं तर आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या मेळाव्याला लेकरांना घेऊन या, बियाणं पण मिळतं.

बीडहून:
पाण्यासाठी वाफ्यात मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, बिनरंगाचं, वर झाकण ठेवा. पाणी हळूहळू पाझरतं, वरून वाफ होऊन उडत नाही. मोठ्याला रोज काठीनं पातळी मोजून वहीत लिहायला लावा, आलेख काढला की गणित झालं. उन्हाळ्यात गवार लावा, कमी पाण्यावर तग धरते.

नांदेडची मावशी:
ओपन स्पेसमध्ये प्रत्येक लेकराला स्वतःचा वाफा द्या, आणि कॉलनीतल्या आज्यांना बोलवाच. अंबाडी कधी खुडायची हे त्यांच्याइतकं कोणी सांगत नाही, आणि शाळेतली पोरं पण संध्याकाळी यायला लागतात, सोबत मिळते.