सीट मोजू नका, वजन बघा

भावा, कारच्या लायसनवर १७ सीटर चालते का, हे तू विचारलंस आणि तुला उत्तर देणारे सगळे सीटच मोजत बसलेत. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र काढ आणि एकूण वजन बघ, माणसं-सामान धरून. ७५०० किलोच्या आत असेल तर एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं (कारचंच) लायसन पुरतं, पिवळ्या नंबरप्लेटच्या भाड्याच्या गाडीलाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं तसं स्पष्ट केलंय. आमची १७ सीटर चार टनांच्या आसपास भरते. भाडं घेणार असलास तर परमिटचं वेगळं बघावं लागेल.

पण लायसन आहे म्हणून आंबा घाट जमतो असं नव्हे हं! मी पहिल्यांदा कारच्या अंदाजानं वळण घेतलं, मागचं चाक थेट गटारीत. आधी जोतिबाच्या रस्त्यावर मोकळी गाडी फिरव.