कोल्ड स्टोरेजमध्ये व्यापाऱ्याचा बेदाणा आणि कोर्टाचा मनाई हुकूम. किती सांगायचं, कुणाला?

स्टोरेजवाले मामा (तासगाव)
काल दुपारी बेलीफ मनाई हुकूम देऊन गेला. आमच्याकडं माल ठेवणाऱ्या एका व्यापाऱ्यावर दरखास्त (निकालात ठरलेले पैसे वसूल करायचं कोर्टाचं प्रकरण) चालू आहे, त्याचा माल त्याला द्यायचा नाही म्हणे. रजिस्टरला त्याच्या नावावर 412 बॉक्स, 15 किलोचे. पण त्यातले 60 त्याच्या मेव्हण्याच्या बागेतले, पावती तेवढी ह्याच्या नावानं फाडलेली. शिवाय ॲडव्हान्स भाड्यातले 18,500 रुपये आम्हीच त्याला देणं लागतो.
रात्री त्याचा फोन: "मामा, शंभर बॉक्सचा गेटपास गेल्या परवाच्या तारखेचा करा, गाडी पाठवतो." जुनं गिऱ्हाईक, तोडवत नाही. सकाळी समोरच्या, म्हणजे दरखास्त लावणाऱ्याच्या, वकिलांचा फोन: "काय काय आहे सगळं सांगा." मी ना घेण्यात ना देण्यात!

दरखास्त कारकून
मामा, गाडी आली तर दार उघडू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 46 खाली हा हुकूम थेट तुम्हालाच आहे. जप्तीनंतर माल दिला किंवा पैसे चुकते केले तरी कलम 64 प्रमाणे ते दरखास्तवाल्याविरुद्ध रद्दबातल. मागच्या तारखेचा गेटपास तर खोटा पुरावा, त्यात तुरुंग आहे.
वकिलांच्या फोनला उत्तर देण्याचं बंधन नाही, नम्रपणे नाही म्हणा. पण नियम 41 खाली कोर्ट कर्जदारालाच नव्हे, "इतर कोणाही व्यक्तीला" बोलावून विचारू शकतं, वह्याही मागवू शकतं. तिथं गप्प बसता येत नाही.
18,500 चं प्रकरण वेगळं. त्यासाठी नियम 46अ ची नोटीस येऊ शकते. आली की रक्कम कोर्टात भरा. 46फ प्रमाणे तुम्ही तेवढ्या देण्यातून मोकळे. पैसेही भरले नाहीत आणि हजरही झाला नाहीत, तर 46ब खाली आदेश तुमच्यावरच बजावता येतो, तुमच्यावरच हुकूमनामा झाल्यासारखा.

हळद आडत, सांगली
कारकुनांचं बरोबर, पण रजिस्टरचं कुणी बोललं नाही. हुकूम हातात पडला त्या वेळेला चेंबरमध्ये काय होतं ते मोजा, लॉट नंबर टाका, दोघांच्या सह्या घ्या. खाडाखोड नको, चुकलेली नोंदसुद्धा तशीच राहू द्या. आमच्या दुकानी एकदा दिवाणजीनं "नीट दिसावं" म्हणून वही पुन्हा लिहिली. हिशोब खरा होता, तरी उलटतपासणीत दिवसभर घाम फुटला.
कोर्टात द्यायच्या शपथपत्रात 60 बॉक्सचं लपवू नका, आणि "मेव्हण्याचेच" असं छातीठोकपणे लिहूही नका. माल मेव्हण्याचा असं सांगतात, पावती मात्र व्यापाऱ्याच्या नावाची, एवढंच लिहा. मालकी मेव्हण्यानं नियम 58 खाली स्वतः मांडावी. बँकेचं तारण असेल तर तेही कळवा.

स्टोरेजवाले मामा (तासगाव)
मोजणी केली. 409 भरले! तीन बॉक्स सॅम्पलला गेलेले, नोंद नव्हती. तेही तसंच लिहितो. पण कंप्रेसर रात्रंदिवस चालतोय, लाईट बिल कुणी भरायचं?

दरखास्त कारकून
भाड्याची थकबाकी आणि रोजचा दर त्याच शपथपत्रात टाका. लिलावाचे पैसे वाटून झाल्यावर मागायला जाऊ नका. आणि व्यापाऱ्याचा फोन आला तर घ्या, हुकूम वाचून दाखवा.