शब्दचर्चा : ‘दानत’ हा शब्द ‘दान’वरून आला का?

प्रश्न

एका लेखाचा अनुवाद करते आहे. माणूस जात्याच देणारा असतो का, की धर्माने त्याला द्यायला शिकवलं, आणि सरकार गरजूंची सोय पाहू लागलं की माणसांचं आपसांतलं देणं आटतं का, असा विषय आहे. अडले पहिल्याच वाक्यात. ‘जनरॉसिटी’साठी ‘औदार्य’ लिहिलं आणि खोडलं, कारण त्यात कुणीतरी वरून खाली देतंय असं वाटतं. ‘दातृत्व’ मानपत्रातलं वाटतं. मग ‘दानत’ सुचला. ‘द्यायला दानत लागते’ असं आपण सर्रास म्हणतो. हा ‘दान’वरूनच आला असणार ना? आणि उपजत गुणासाठी तो चालेल का?

प्रतिसाद

‘दान’वरून नाही. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. मूळ शब्द अरबी ‘दियानत’, म्हणजे सचोटी, आणि त्याच्याही मुळाशी ‘दीन’ म्हणजे धर्म. (‘दीनदुबळा’तला दीन संस्कृत, तो वेगळा.) म्हणून ‘त्याची दानत चांगली नाही’ म्हटलं की तो चिक्कू आहे असा अर्थ होत नाही, त्याची नियत खोटी आहे असा होतो. ‘दान’शी उच्चार जुळल्यामुळे देण्याचा अर्थ पुढे चिकटला असावा. संस्कृत ‘दान’चं नातं लॅटिन ‘डोनम’शी आहे, म्हणजे डोनेशन त्याचं दूरचं भावंड. दानत त्या घरातली नव्हे.

प्रतिसाद

‘ऐपत आहे पण दानत नाही.’ या एका वाक्यात तुमचं उत्तर आहे. ऐपत कमावता येते. दानत असते किंवा नसते, असंच आपण बोलतो. चालेल.

प्रतिसाद

धर्माचा मुद्दा तर आपल्या शब्दांतच भरलेला आहे. मराठीत ‘धर्म’ या शब्दाचाच एक अर्थ देणं असा आहे. ‘धर्म करा’ म्हणणारा माणूस पूजा करा असं सांगत नसतो, मला काहीतरी द्या म्हणत असतो. दानधर्म, धर्मादाय, धर्मार्थ दवाखाना ही सगळी त्याच अर्थाची पिल्लं.

दुसऱ्या भाषांत पाहिलं तर हिब्रूतल्या ‘त्झेदाका’चं मूळ न्यायात आहे. देणं म्हणजे दया नव्हे, ज्याचं त्याला पोचवणं. अरबी ‘सदका’ त्याच जातीच्या धातूपासून आला, पण तिथे अर्थ सचोटीकडे झुकतो. ‘जकात’मध्ये शुद्धी आणि वाढ हे दोन्ही अर्थ आहेत: ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आणि वर्षभर बाळगलेल्या संपत्तीतला अडीच टक्के भाग गरजूंना द्यायचा. मराठीत येईपर्यंत त्याच शब्दाचा नाक्यावर वसूल होणारा कर झाला. ‘खैरात’ची गत तर फार वाईट वाटते. ‘खैर’ म्हणजे भलं, म्हणून खैरात म्हणजे भलाईची कामं. आज ‘सवलतींची खैरात’ असं छापून येतं तेव्हा तो शब्द घेणाऱ्याच्या तोंडावर फेकलेला असतो.

धर्माने माणसाला उदार केलं असं मी म्हणणार नाही. त्याने देण्याला वेळ, प्रमाण आणि नाव दिलं. मनात आलं तर देऊ, यावर ते सोडलं नाही.

प्रतिसाद

पण सोबत पुण्याचं आमिषही दिलं! 2006 साली लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडतो, त्याचा हात पोचत नाही. बहुतेक मुलं आपणहून मदत करायला सरसावली, शाबासकी नाही की खाऊ नाही. त्यांचाच 2008 चा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: ज्या मुलांना मदतीबद्दल खेळण्याचं बक्षीस दिलं, ती पुढे बक्षीस थांबल्यावर इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीसाठी किंवा फळासाठी दिलेलं दान राजस म्हटलं आहे, आणि सात्त्विक दान ‘अनुपकारी’ माणसाला, ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही त्याला दिलेलं. म्हणजे पुण्याचा हिशेब धर्मालाही खटकत होता.

एक शंका मात्र आहे. चिमटा उचलून देणं ही मदत. स्वतःजवळचं काही कमी करून देणं हे दान. अनुवादात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका.

प्रतिसाद

सगळे देणाऱ्याच्या बाजूचे शब्द मोजताहेत. घेणाऱ्याच्या बाजूचा आपला शब्द आहे ‘मिंधा’. माझी शाळेची फी काही वर्षं एका सद्गृहस्थांनी भरली. दर निकालानंतर वडील मला त्यांच्या घरी न्यायचे. ते चांगले होते, कधी एक शब्द बोलले नाहीत, तरी त्या दारात वडिलांचा आवाज बदलायचा. पुढे सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, तिच्यासाठी कुणाच्या दारात जावं लागलं नाही. म्हणून कल्याणकारी राज्यामुळे औदार्य मरतं हा आक्षेप मला अर्धाच पटतो. मरत असेल तर आधी मिंधेपण मरू दे. आणि वडील आजारी पडले तेव्हा रात्रभर उशाशी बसले ते शेजारी. ते काम कुठल्या योजनेत बसत नाही आणि ते शिष्यवृत्तीमुळे बंदही पडलं नाही.

प्रतिसाद

मग ‘लाभार्थी’ शब्दाकडेही बघा. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा, तसा लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा. जर्मनीत 1883 साली कामगारांचा आजारपणाचा विमा कायद्याने आला. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, कलम 22 मध्ये, सामाजिक सुरक्षा हा हक्क म्हटला गेला. आपला शब्द अजून हात पसरूनच उभा आहे.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. पहिलं वाक्य असं केलं: ‘देण्याची दानत माणसात उपजतच असते का?’ मूळ लेखात सरकारी मदत घेणाऱ्यांसाठी एकच शब्द आठ-दहा वेळा आलाय, तिथे मी बिनदिक्कत ‘लाभार्थी’ लिहून ठेवलं होतं. आता ‘हक्कदार’ करावं म्हणते, पण सगळीकडे ते बसत नाही. अर्ज फेटाळला गेलेल्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद

त्यालाही हक्कदारच. अर्ज फेटाळला, हक्क नव्हे.