प्रतिसाद: एक वेत व्हायलाच हवं?
वर कुणीतरी लिहिलंय, कुत्रीचं एक तरी वेत झालं पाहिजे, म्हणजे एकदा तरी ती व्यायला हवी, नाहीतर ती आजारी पडते. तसं काही नाही. उलट वेळेत नसबंदी केली की गर्भाशयात पू होण्याचा धोका जवळपास राहतच नाही.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडं कारवान या शिकारी जातीच्या पिल्लांना मागणी, म्हणून काहीजण कुत्री माजावर आली की दरवेळी लावतात. आचळं लोंबलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था. २०१७ च्या केंद्राच्या नियमांत ब्रीडरला नोंदणी सक्तीची आहे, कुत्री दीड वर्षाची होण्याआधी वेत नाही, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. आणि न खपलेली मादी पिल्लं? पोत्यात घालून ओढ्याकाठी सोडतात. बघवत नाही हो! पिल्लू घेणार असाल तर आधी त्याची आई बघायला मागा. दाखवत नसतील तर घेऊच नका.