मदत हवी आहे: मंडळीसाठीचं (चर्चसाठीचं) दर्शन, म्हणजे देवाने दाखवलेली पुढची दिशा, नेमकं कसं स्पष्ट होतं?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीच्या तरुण संघाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली. पहिल्याच सभेत एका वडीलजनांनी विचारलं, "पुढच्या पाच वर्षांत ही मुलं कुठे न्यायची?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वहीत लिहायला बसलो. शिबिर, गायनवृंद, बायबल अभ्यास... सगळे कार्यक्रमच निघाले. पान खोडून टाकलं.

तेव्हापासून बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचतोय. नहेम्या हा पारसच्या राजाच्या पदरी असलेला यहूदी. यरुशलेमेच्या तटाची पडझड किसलेव या यहूदी महिन्यात त्याच्या कानावर आली आणि राजापुढे तो नीसान महिन्यात बोलला, म्हणजे मध्ये जवळपास चार महिने रडणं, उपास, प्रार्थना. पुढे तिथे पोहोचल्यावरही तीन दिवस गप्प, मग रात्री मोजकी माणसं घेऊन तट स्वतः पाहिला, आणि त्यानंतरच लोकांना म्हणाला, चला, बांधू या. तट ५२ दिवसांत उभा राहिला, पण मला तर ते आधीचे चार महिनेच जास्त महत्त्वाचे वाटतात.

बायबलमधलं नीतिसूत्रे २९:१८ हे वचन आपण दर्शनासाठी नेहमी वापरतो. तिथे मात्र देवाच्या प्रकटीकरणाविषयी आणि नियमशास्त्र पाळण्याविषयी लिहिलंय, आपल्या योजनांविषयी नाही. म्हणूनच भीती वाटते. माझीच हौस मी देवाची इच्छा म्हणून मुलांपुढे ठेवली तर?

ज्यांनी सेवेत वर्षं घालवली आहेत त्यांनी कृपया सांगावं, हा फरक तुम्ही कसा ओळखलात? आणि मुलांना या शोधात सुरुवातीपासून घ्यावं, की नहेम्यासारखं आधी थांबावं?