बोरेग : फिलो फुटतो आणि चीज वाहून जातं त्यावर

एकीने विचारलंय की बोरेग (चीज भरलेला, समोशासारखा आर्मेनियन पदार्थ) करताना फिलोचे, म्हणजे मैद्याच्या कागदासारख्या पातळ पोळ्यांचे, पापुद्रे घडी घालतानाच फुटतात आणि भाजताना चीज ट्रेभर वाहतं. आम्ही कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलला राहतो, इथे आर्मेनियन वस्ती मोठी आहे. मी बोरेग शिकले ते शेजारच्या आर्मेनियन आजींकडून, त्या मूळच्या बैरूतच्या.

फिलो फ्रीजरमधून काढला की रात्रभर फ्रीजमध्येच ठेवायचा. ओट्यावर घाईने वितळवला तर पापुद्रे एकमेकांना चिकटतात, मग फाटणारच. उघडल्यावर घट्ट पिळलेलं ओलं फडकं वर हवंच, दोन मिनिटांत तो वाळून कुरकुरतो. लोणी वितळवून वरचं निथळ तेवढंच लावायचं. मी सरळ घरचं साजूक तूप लावते, त्यात पाणी नसल्याने पापुद्रे छान सुटतात.

चीज वाहतं ते बहुतेक पाण्यामुळे. फेटा चीज खारट असेल तर आधी पाण्यात भिजवा, मग फडक्यात बांधून चांगला निथळू द्या. त्यात किसलेलं मोझरेला, एक अंडं, भरपूर पार्सली. फिलोच्या तीन इंच रुंद पट्टीवर एकच चमचा सारण, आणि पट्टी समोशासारखी त्रिकोणात दुमडत न्यायची. पण सैल हाताने! आजी माझी घडी बोटाने दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "याला फुगायला जागा ठेव."

वरून अंडं आणि कलौंजी, १९० अंश सेल्सिअसवर २०-२५ मिनिटं. कच्चे बोरेग फ्रीजरमध्ये छान टिकतात, न वितळवता तसेच ओव्हनमध्ये घाला.

आणि हो, चीजला आजी 'बनीर' म्हणतात. आपलं पनीरच ते! ऐकून मला फार आनंद झाला होता.